पहिल्या पानांचं दालन

आमच्या शाळेतल्या एका खोलीला सगळे देवघर म्हणायचे, आणि तिच्यात देवाची मूर्ती म्हणून एक नव्हती. होती ती रजिस्टरं. हजेरीची, परीक्षेची, दाखल-खारिजची, वसतिगृहाच्या लाकूडफाट्याची, पार छतापर्यंत. मी जळकोटच्या या शाळेत मुख्य लिपिक म्हणून आले, तेव्हा पहिल्याच दिवशी मला सांगण्यात आलं की त्या खोलीत शिरताना चपला बाहेर काढायच्या. मी नांदेडची, तोंडाची फटकळ. म्हटलं, "का हो, रद्दीला कसलं सोवळं?" तर शिपाई असा बघायला लागला की जणू मी पिंडीवरच पाय ठेवला.

पुढे कळलं. शाळेचे संस्थापक वीरभद्रप्पा हे उदगीरचे आडत व्यापारी. पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला आणि वर्षाच्या आत यांनी शाळा काढली. माणूस मोठा, त्यात वाद नाही. पण हाडाचा व्यापारी. दिवाळीत दुकानाच्या वह्यांची पूजा व्हायची, तिथंच पाटावर शाळेची रजिस्टरंही मांडायची. प्रत्येक रजिस्टरच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात ‘ॐ नमः शिवाय’, खाली त्यांची सही, त्यावर विभूतीची तीन बोटं आणि बेलाचं पान. मुलांची नावं दुसऱ्या पानापासून. ते गेले, पद्धत राहिली. आजही संगणकावरचं काम छापून फाइल केलं की पहिलं पान देवाला सोडावं लागतं.

आता पूजा झालेला कागद रद्दीत घालणार कोण? उद्या त्याच कागदात कुणी भजी बांधून दिली म्हणजे? त्यामुळे शाळा निघाल्यापासून आमच्याकडे एक चिठोरंसुद्धा बाहेर गेलेलं नाही. वाळवीला मात्र कुणाची परवानगी लागली नाही.

हे असंच चाललं असतं. पण यंदा संस्थापकांची जन्मशताब्दी आली. त्यांचे चिरंजीव बसलिंगप्पा आमचे अध्यक्ष. त्यांना आम्ही आप्पा म्हणतो. आप्पांच्या मनात आलं की वडिलांचं स्मृतिदालन करायचं. त्यांची टोपी, त्यांची काठी, त्यांचा अडकित्ता, एक कोपरा सेल्फीसाठी. जागा कुठली? शाळेत मोकळी खोली एकच निघण्यासारखी, ती म्हणजे देवघर. म्हणजे वडिलांच्या आठवणी ठेवायला जागा हवी, म्हणून वडिलांनी ठेवलेलं सगळं बाहेर काढायचं. मी हे आप्पांना तोंडावर म्हटलं. ते म्हणाले, "ताई, तुम्ही लई उलटं बोलता."

झालं, समिती बसली. सरकारी भाषेत तिला निर्लेखन समिती म्हणतात. काय ठेवायचं आणि काय टाकायचं ते ठरवणारी. अध्यक्ष आप्पा, सदस्य आमचे मुख्याध्यापक रेणुकादास सर, आणि लिहून घ्यायला मी. रेणुकादास सर म्हणजे सज्जन माणूस. इतका सज्जन की आजवर त्यांनी कशालाच नाही म्हटलेलं नाही, आणि हो म्हटल्याचं कुठं लेखी सापडायचं नाही.

पहिल्या बैठकीत चहा आला, आणि मी नियम वाचून दाखवला. दाखल-खारिज रजिस्टर, म्हणजे शाळेत आलेल्या-गेलेल्या मुलांच्या नोंदींचं, हे कायमचं जपायचं, बाकीच्यातलं काही अमुक वर्षांनी टाकता येतं. आप्पा म्हणाले, "ते खरं. पर नियम लिहिणाऱ्यानं काय पूजा केलती का त्याची? आपण केली. मग आपला नियम मोठा का त्येचा?" सर म्हणाले, "दोन्ही बाजू विचार करण्यासारख्या आहेत." मी ते तसंच इतिवृत्तात लिहिलं.

मग टाकायचं कसं यावर काथ्याकूट. जाळायचं म्हटलं तर देवाच्या नावाला काडी कोण लावणार? सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "माझ्याकडं काय बघता? मी काय स्मशानात राहते?" पुरायचं म्हटलं तर वरून मुलं कबड्डी खेळणार. मग ठरलं की गोदावरीत विसर्जन. टेम्पो भरून विष्णुपुरीला न्यायचा आणि धरणात सोडायचा. सरांनी लगेच परवानगीचं पत्र तयार करायला सांगितलं. मी म्हटलं, "सर, लोकांच्या प्यायच्या पाण्यात टेम्पोभर रद्दी टाकायची परवानगी मागणारं पत्र मी माझ्या हातानं लिहायची नाही." तेव्हा ते राहिलं.

नेमकं त्याच आठवड्यात पंचशीला माझ्याकडे आली. पंचशीला आमच्याकडे गणित शिकवते. शाळेत माझं जिच्याशी मनापासून पटतं अशी ती एकच. तिची भाची, म्हणजे भावाची मुलगी यशोधरा, हुशार पोरगी. नांदेडला विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात तिचा नंबर लागेल इतके मार्क. पण राखीव जागेवर प्रवेश टिकवायचा तर जात पडताळणी हवी, आणि त्यासाठी पन्नास सालच्या आधीचा पुरावा हवा. घरात आजवर कुणाला ही ‘व्हॅलिडिटी’ लागलीच नव्हती. पंचशीला स्वतः खुल्या जागेवर लागलेली, भाऊ गवंडी. जुना कागद म्हणून घरात दुसरं काही नाही.

"आजोबा आपल्याच शाळेत होते म्हणतात, विनीताताई. पहिल्याच वर्षी. दोनच वर्षं शिकले."

आम्ही दोघी चपला काढून देवघरात शिरलो, धुळीनं शिंकून शिंकून बेजार झालो, आणि पहिलं दाखल-खारिज रजिस्टर मिळालं. दुसऱ्या पानावर, वीरभद्रप्पांच्याच वळणदार अक्षरात नाव होतं. सटवा हैबती. पुढे बापाचा धंदा, जात, गाव, सगळं स्वच्छ. पंचशीलानं त्या नावावरून बोट फिरवलं आणि डोळे पुसले. मलाच भरून आलं. मी म्हटलं, "रडतेस काय गं, पोरगी इंजिनिअर झाली समज."

मी उतारा दिला, सही-शिक्क्यासह. पण नुसत्या उताऱ्यावर भागत नाही. पडताळणीचं पथक शाळेत येतं आणि मूळ रजिस्टर आपल्या डोळ्यांनी बघतं. ते येणार त्याची तारीखही कळली. म्हणून ते रजिस्टर मी लाल रुमालात बांधलं, माझ्या लोखंडी कपाटात ठेवलं आणि वर चिठ्ठी लावली, ‘काढू नये’. सरांना सांगितलं, आप्पांना सांगितलं, इतिवृत्तात लिहिलं. आणखी काय करायचं असतं माणसानं?

इकडे आप्पांनी मठाच्या महाराजांना फोन लावला. महाराज बिचारे सरळ बोलले, देवाच्या नावाचा मान राखा म्हणजे झालं. आप्पांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दुसऱ्या बैठकीत आल्या आल्या म्हणाले, "नाव कुठंय? पहिल्या पानावर. मग पहिलं पान तेवढं काढून घ्या. ते जपायचं. बाकीच्यात देव न्हाई, ते बिनघोर रद्दीत."

मी कपाळाला हात लावला. "आप्पा, अहो बाकीच्यातच तर शाळा आहे!"

"शाळा इथं हाय की ताई," आप्पा म्हणाले, "एवढी मोठी इमारत दिसत न्हाई का तुम्हाला?"

सर म्हणाले, "तोडगा सर्वसमावेशक आहे."

आणि खरंच हो, दुसऱ्या दिवसापासून शिक्षकांच्या मोकळ्या तासाला पानं फाडायचा कार्यक्रम सुरू झाला. स्केलपट्टी लावून, हलक्या हातानं, पान दुमडता कामा नये. फाडलेलं पान कपाळाला लावायचं आणि तबकात ठेवायचं. उरलेलं रजिस्टर पायानं कोपऱ्यात सारलं तरी चालेल. ज्या रजिस्टरला काल चपला घालून शिवता येत नव्हतं, त्याच्यावर आज लोक बसून डबा खाऊन राहिले होते. एका पानात काय जादू असते बघा.

त्याच दरम्यान पगारपत्रकांच्या कामाला मला लातूरला जावं लागलं. संध्याकाळी परत आले तर देवघर रिकामं, भिंतींना रंग चालू. आणि माझं कपाट उघडं. लाल रुमाल घडी घालून ठेवलेला, त्यावर माझी चिठ्ठी, ‘काढू नये’.

तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच सरांच्या केबिनमध्ये घुसले.

"सर, रजिस्टर कुठंय?"

"अहो, ते अगदी सुरक्षित आहे," सर म्हणाले. "आप्पा स्वतः आले होते. म्हणाले, सगळ्यात पहिलं रजिस्टर तर मुख्य, ते दालनात हवंच. मला वाटलं, दालनाइतकी सुरक्षित जागा दुसरी कुठली? माझ्याकडची किल्ली दिली."

"आणि मग?"

"मग जंगम स्वामींना बोलावून रीतसर पूजा केली. नारळ फोडला. आप्पांनी स्वतःच्या हातानं पहिलं पान काढलं. डोळ्यांत पाणी होतं हो त्यांच्या."

"आणि उरलेलं रजिस्टर?"

सर थोडा वेळ घड्याळाकडे बघत राहिले. "उरलेलं टेम्पोत गेलं असणार," ते म्हणाले.

साध्या रजिस्टरांना तेवढा मान नव्हता, म्हणून त्यांतली काही अडगळीत मागे राहून वाचली. हे एक नेमकं मानाचं, म्हणून आधी गेलं. मी आणि पंचशीला तिच्या भावाच्या मोटारसायकलवर तिब्बल सीट उदगीरला गेलो. रद्दीवाल्याचं गोदाम झाडून स्वच्छ. तो म्हणाला, माल दुपारीच पुढं कागद कारखान्यात गेला, एव्हाना लगद्यासाठी भिजत पडला असेल. त्यानं आम्हाला पाणी दिलं, बसायला खुर्च्या दिल्या. पंचशीला बसली नाही. येताना गाडीवर ती माझ्या पाठीला डोकं टेकून होती, आणि मी वाऱ्याला, रस्त्याला, आप्पांना, सगळ्यांना शिव्या घालत होते.

"पोरीला काय सांगू?" एवढंच ती घरापाशी म्हणाली.

आता पुढची गंमत ऐका. दालनाचं उद्घाटन सरांनी कोणत्या दिवशी ठेवलं असेल? पडताळणीचं पथक यायचं त्याच दिवशी. का, तर अनायासे सरकारी पाहुण्या येताहेत, त्यांचाही सत्कार होऊन जाईल. पथकाच्या मॅडम गाडीतून उतरल्या, त्यांना बोलूच दिलं नाही. शाल, श्रीफळ, फेटा. फेट्यातून त्या म्हणत होत्या, "अहो, मी रजिस्टर बघायला आलेय," आणि बँडवाला वाजवत होता.

दालन मात्र दिसायला झकास झालं होतं, खोटं कशाला बोलू. काचेच्या पेटीत टोपी आणि अडकित्ता. आणि चारी भिंतींवर सोनेरी चौकटीत पहिली पानं. ॐ नमः शिवाय, ॐ नमः शिवाय, ॐ नमः शिवाय. मधोमध सगळ्यात मोठ्या चौकटीत, खाली दिवा लावून, पहिल्या दाखल-खारिजचं पहिलं पान. त्याच्या शेजारी संगमरवरी पाटी: ‘संस्थापकांनी पहिल्याच वर्षी गावकुसाबाहेरच्या मुलांना शाळेत मानाने प्रवेश दिला.’

आप्पांनी भाषण केलं. म्हणाले, "माझ्या वडलांनी तव्हा सटवा हैबती नावाच्या पोराला हाताला धरून पहिल्या रांगेत बसवलं. गावानं लई बोंब केली. पर ते हटले न्हाईत." खरं सांगते, मी सुन्न झाले. म्हणजे या माणसाला नाव माहीत होतं! घरात बापाच्या तोंडून ऐकलेलं, तोंडपाठ.

मॅडमनी फेटा काढून टेबलावर ठेवला. "हेच नाव. याचीच नोंद मला बघायचीय. रजिस्टर दाखवा."

आप्पांनी मोठ्या चौकटीकडे हात केला.

"हे पहिलं पान झालं. पुढची पानं?"

"पुढं काय न्हाई मॅडम," आप्पा म्हणाले, "पुढं निव्वळ नावं होती."

मॅडम म्हणाल्या, "तुम्ही आत्ता भाषणात सांगितलं त्याला पुरावा?"

आप्पांनी पाटी दाखवली.

"ही पाटी कधीची?"

"गेल्या मंगळवारची," सरांनी उत्साहानं सांगितलं.

मॅडम वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, मूळ नोंद पाहिल्याशिवाय मला अनुकूल काही लिहिता येणार नाही. पण एक होऊ शकतं. संस्थेनं लेखी द्यावं की असं रजिस्टर होतं, त्यात ही नोंद होती, उतारा त्यावरूनच दिला, आणि ते रजिस्टर अध्यक्षांनी रद्दीत घातलं. खाली अध्यक्षांची सही. मग मी ते पडताळणी समितीपुढं मांडेन. ठरवायचं समितीनं, पण निदान मांडता येईल.

सगळे आप्पांकडे बघायला लागले. आप्पांचा चेहरा पडला.

"रद्दीत घातलं असं कसं लिहून द्यावं? वडलांच्या शताब्दीला?" ते म्हणाले. "बैठकीत ठेवू विषय. सर, पुढची बैठक कधी?"

"दिवाळीनंतर घेता येईल," सर म्हणाले.

यशोधरा तिथंच होती. आत्याबरोबर आलेली, नवा ड्रेस घालून, हातात मोबाइल. तिला कुणी धड काही सांगितलेलं नव्हतं. ती एकेका चौकटीपुढं वाकून बघत फिरत होती. शेवटी वळून म्हणाली, "आत्या, पणजोबाचं नाव कोणत्या चौकटीत आहे? मला फोटो काढायचाय."

बँडवाल्यानं दारातच वाद्य खाली ठेवलं.

पंचशीला पुढे झाली. मला वाटलं, आता ही रडणार. ती नाही रडली. वर्गात उत्तर चुकलेल्या मुलाशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, "आप्पा, देवाचं नाव तुम्ही सांभाळलं, चांगलं केलं. पण देवाला व्हॅलिडिटी लागत नाही. आम्हाला लागते."

आप्पांनी तिच्याकडे बघून मान डोलावली. "वा! लई मोठं बोलल्या तुम्ही, मॅडम," ते म्हणाले. खरोखर मनापासून म्हणाले, हे त्यातलं सगळ्यात वाईट. "सर, ल्याहून घ्या हे. असलीच एक पाटी करू, तिकडच्या भिंतीला."

आणि रेणुकादास सरांनी खिशातून पेन काढलं.

मग मात्र माझं डोकं फिरलं. मी सरांच्या हातातलं पेन ओढून घेतलं. टेबलावर अभिप्रायासाठी कोरे कागद ठेवले होते, त्यातला एक घेतला, अडकित्त्याच्या पेटीवर ठेवला आणि लिहायला लागले. सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात, वीरभद्रप्पा लिहायचे तसं, ॐ नमः शिवाय. खाली जागा न सोडता लगेच: रजिस्टर होतं. नोंद होती. सटवा हैबती. उतारा खरा आहे. रजिस्टर अध्यक्षांच्या आदेशानं रद्दीत घालण्यात आलं. दिव्याशेजारच्या पूजेच्या ताटातली विभूती घेतली, तीन बोटं ओढली, आणि कागद आप्पांपुढं धरला.

"सही करा, आप्पा."

"ताई, हे असं..."

"नाही करायची? मग फाडून टाका. हा घ्या, तुमच्या हातानं फाडा. सगळ्यांसमोर." माझा आवाज चढला होता, मला आवरत नव्हता. "यात पहिलं पान निराळं आणि दुसरं निराळं नाही. देव आणि पोरगी एकाच कागदावर आहेत. काय काढता आणि काय टाकता ते बघू दे मला."

आप्पांनी उद्घाटनाच्या पूजेला आलेल्या जंगम स्वामींकडे बघितलं. स्वामी छताकडे बघायला लागले. सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "दोन्ही बाजू..." आणि माझ्याकडे नजर जाताच गप्प झाले. यशोधरा मोबाइल धरून उभीच होती.

आप्पांनी कागद हातात घेतला. सवयीनं आधी कपाळाला लावला. कपाळावर विभूती उमटली. मग बराच वेळ ते खालचं वाचत राहिले, ओठ हलवत, आणि सटवा हैबतीपाशी थांबले.

"पेन द्या," ते म्हणाले.